वर्ध्याची टकळी आणि विद्यापीठाचा वर्ग

फळा आणि खडू हीं साधनें वर्गांत आलीं तेव्हां शिक्षकाच्या घशाचा भार पुष्कळसा हलका झाला. परंतु फळ्यावर काय लिहावें आणि काय पुसून टाकावें, हा भार मात्र होता तेवढाच राहिला. पुढें क्रमिक पुस्तक आलें, नकाशे आले, जादूचा कंदील आला, नभोवाणी आली, दूरचित्रवाणी आली आणि शेवटीं संगणक व भ्रमणध्वनी आले. प्रत्येक नव्या साधनाबरोबर एकच आशा पुन्हां पुन्हां उत्पन्न झाली कीं, आतां शिक्षणाचा प्रश्न सुटणार. आणि प्रत्येक वेळीं कांहीं वर्षांनीं असें दिसून आलें कीं, साधन वर्गांत येऊन बसलें आहे, पण प्रश्न दाराबाहेर तसाच उभा आहे. विद्यापीठांच्या शिक्षणांत आज यंत्रसाधनांचा एवढा बोलबाला चालला असतांना ही गोष्ट सुशिक्षित कुटुंबांच्या जिव्हाळ्याची झाली आहे. घरांतील मुलगा किंवा मुलगी पडद्यासमोर बसून जें घेत आहे तें ज्ञान कीं ज्ञानाचा आभास, ही शंका पुष्कळ आईबापांच्या मनांत येते.

ह्या शंकेचा खल विदर्भांतील एका लहानशा शहरांत १९३७ सालींच झालेला आहे. तेथें वादाचा विषय झालेलें साधन विजेवर चालणारें नव्हतें. तें होतें टकळी. म्हणजे एक बारीक सळई आणि तिच्या खालच्या टोकाशीं बसविलेली एक वाटोळी चकती. परंतु ह्या क्षुल्लक दिसणाऱ्या वस्तूवरून जो वाद झाला, त्यांत शिक्षणाच्या साधनांविषयींचे बहुतेक सर्व मूलभूत प्रश्न येऊन गेले. म्हणून वर्ध्याचा तो इतिहास आज पुन्हां वाचण्यासारखा आहे.

वर्धा हा कापसाचा जिल्हा. ह्या जिल्ह्यांतील हिंगणघाटचा कापूस एके काळीं व्यापाऱ्यांत नांवाजलेला होता. १८६७ सालीं मुंबईहून निघालेला लोहमार्ग वर्ध्यावरून नागपुरास पोहोंचला आणि येथला कापूस बंदरापर्यंत जाण्याची वाट मोकळी झाली. ह्या शहरीं जमनालाल बजाज यांच्या आग्रहावरून महात्मा गांधी १९३४ सालीं राहावयास आले. प्रथम त्यांचा मुक्काम मगनवाडींत होता. १९३६ सालीं ते जवळच्या शेगांव ह्या खेड्यांत गेले. त्याच खेड्यास १९४० सालीं सेवाग्राम हें नांव मिळालें. विनोबा भावे तर १९२१ पासूनच वर्ध्यास येऊन राहिले होते.

१९३७ च्या उन्हाळ्यानंतर हिंदुस्थानांतील अनेक प्रांतांत काँग्रेसचीं मंत्रिमंडळें अधिकारावर आलीं आणि त्यांच्यापुढें एक विलक्षण पेंच उभा राहिला. दारूबंदी करण्याचें वचन त्यांनीं लोकांना दिलेलें होतें. पण सरकारी तिजोरींत दारूवरील कराचें उत्पन्न फार मोठें होतें, आणि तें बुडालें तर शाळांना पैसा कोठून आणावयाचा, हा प्रश्न होता. मुलांच्या शाळा बापांच्या व्यसनावर चालाव्यात, ही कल्पना गांधींना असह्य झाली. त्यांनीं त्या वर्षीं आपल्या ‘हरिजन’ पत्रांतून असा विचार मांडला कीं, शिक्षण एखाद्या उत्पादक हस्तोद्योगाच्या द्वारें द्यावें. त्यामुळें मुलाचा हात, बुद्धि आणि मन हीं तिन्ही एकदम जागीं होतील आणि मुलांच्या कामांतून शिक्षकाचा पगारही कालांतरानें निघूं शकेल. ह्या विचारांत दोन धागे एकत्र पिळलेले होते. एक शिक्षणाचा आणि दुसरा पैशाचा. पुढील सर्व इतिहास ह्या दोन धाग्यांच्या ओढाताणीचा आहे.

२२ व २३ ऑक्टोबर १९३७ ह्या दोन दिवशीं वर्ध्यास मारवाडी शिक्षण मंडळाच्या विद्यालयांत राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. अध्यक्षस्थानीं स्वतः गांधी होते. निरनिराळ्या प्रांतांचे शिक्षणमंत्री आणि नामांकित शिक्षणतज्ज्ञ तिला आले होते. परिषदेनें चार ठराव केले. सर्व देशभर सात वर्षांचें मोफत व सक्तीचें शिक्षण असावें, हा पहिला. शिक्षणाचें माध्यम मातृभाषा असावी, हा दुसरा. सर्व शिक्षण मुलाच्या परिसराला अनुसरून निवडलेल्या एखाद्या उत्पादक हस्तोद्योगाभोंवतीं गुंफलेलें असावें, हा तिसरा. आणि ह्या पद्धतींतून हळूहळू शिक्षकांच्या वेतनाचा खर्च भागावा अशी अपेक्षा आहे, हा चौथा.

ह्यांतील तिसऱ्या ठरावाचें मर्म ध्यानांत येण्यासाठीं टकळीवर शिकणें म्हणजे काय, हें पाहिलें पाहिजे. मूल प्रथम बोंडांतून कापूस काढतें, सरकी वेगळी करतें, रुई पिंजून पेळू करतें आणि मग टकळी फिरवितें. अमेरिकेंतील तत्त्वज्ञ जॉन ड्युई यांनीं १८९६ सालीं शिकागो येथें एक प्रयोगशाळा काढली होती. तेथल्या मुलांनीं एकदां अर्धा तास हातानें सरकी वेगळी केली, तेव्हां त्यांच्या पदरीं एक औंससुद्धां रुई पडली नाहीं. लोकरीचीं वस्त्रें तिकडे आधीं कां वापरांत आलीं आणि कापसाचीं मागाहून कां, ह्या प्रश्नाचें उत्तर त्या मुलांना पुस्तकांत शोधावें लागलें नाहीं. तें त्यांच्या दुखऱ्या बोटांनींच सांगितलें. वर्धा जिल्ह्यांतील मुलाला तर ह्यापुढचा प्रश्न आपोआप सुचावा, कीं मग हिंगणघाटास सरकी काढण्याचे कारखाने कां आले?

धागा निघूं लागला म्हणजे गणित सुरू होतें. एका पौंड वजनांत ८४० यार्ड लांबीच्या जितक्या गुंड्या बसतील तितका त्या सुताचा अंक. दहा अंकी सूत एका पौंडांत ८,४०० यार्ड भरतें, आणि वीस अंकी सूत १६,८०० यार्ड. सूत जितकें बारीक तितका अंक मोठा. आणि तितक्याच लांबीचें वजन मात्र कमी. व्यस्त प्रमाण शिकवितांना जें सूत्र फळ्यावर दहा वेळां लिहूनही मुलाच्या गळीं उतरत नाहीं, तें येथें त्याच्या स्वतःच्या हातच्या दोन लडी तराजूंत घातल्याबरोबर उतरतें. नागपूरकडील कोरड्या उन्हाळ्यांत धागा अधिक तुटतो, हें मुलाच्या लक्षांत आलें कीं हवेंतील ओलाव्याचा धडा निघतो. आणि समुद्रकांठच्या मुंबईस कापडाच्या गिरण्या कां वाढल्या, त्याच्या कारणांपैकीं एक कारण हातीं लागतें. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें तेव्हां विदर्भांतल्या कापसाला सोन्याचा भाव कां आला, असें विचारलें कीं इतिहास व अर्थशास्त्र हीं दोन्हीं दारें उघडतात. ह्या रीतीला पुढें समवाय पद्धति असें नांव रूढ झालें. टकळी हें येथें सूत काढण्याचें यंत्र राहत नाहीं. प्रश्न काढण्याचें यंत्र होतें.

परंतु यंत्रांतून प्रश्न आपोआप निघत नाहींत. ते काढावयास शिक्षक लागतो. आणि नेमक्या ह्याच ठिकाणीं परिषदेंत मतभेद झाला. अर्थशास्त्रज्ञ प्रा. के. टी. शहा यांनीं स्वावलंबनाच्या कल्पनेवर आक्षेप घेतले. दिल्लीच्या जामिया मिलिया संस्थेचे प्रमुख आणि पुढें भारताचे राष्ट्रपति झालेले डॉ. झाकीर हुसेन यांचा इशारा तर अधिक मार्मिक होता. शाळेनें स्वतःचा खर्च भागविला पाहिजे ह्या गोष्टीवर फाजील भर दिला तर शिक्षक मुलांना राबविणारे मुकादम बनतील, आणि तसें झालें तर टकळी ही पुस्तकांपेक्षांही वाईट ठरेल, असें त्यांनीं भर परिषदेंत बजाविलें. ज्या सभेचें अध्यक्षस्थान गांधींकडे आहे त्या सभेंत हें बोलावयास धैर्य लागतें. आणि त्याहूनही लक्षांत ठेवण्यासारखी गोष्ट ही कीं, योजनेची आंखणी करण्यासाठीं जी समिति नेमण्यांत आली तिचें अध्यक्षपद ह्याच शंका घेणाऱ्या गृहस्थांकडे देण्यांत आलें. ज्याला साधनाचे धोके दिसतात त्याच्याच हातीं साधन सोंपवावें, हें शहाणपण त्या वेळच्या वर्ध्यानें दाखविलें.

समितींत विनोबा भावे, काका कालेलकर, किशोरलाल मश्रुवाला, जे. सी. कुमारप्पा, श्रीकृष्णदास जाजू, ख्वाजा गुलाम सैयदैन, के. टी. शहा, आर्यनायकम् आणि आशादेवी हीं मंडळी होती. आक्षेप घेणारे शहा येथेंही होते. २ डिसेंबर १९३७ रोजीं समितीनें आपला वृत्तांत सादर केला. त्यांत शाळेचा दिवस साडेपांच तासांचा धरला होता, आणि त्यांपैकीं तीन तास वीस मिनिटें हस्तोद्योगाला दिलीं होतीं. मातृभाषेला चाळीस मिनिटें. संगीत, चित्रकला व गणित यांना मिळून चाळीस मिनिटें. समाजशास्त्र व सामान्य विज्ञान यांना तीस मिनिटें. वरवर पाहणाराला हें वेळापत्रक विद्येची हेळसांड करणारें वाटेल. परंतु समितीची अट अशी होती कीं, उद्योग असा निवडावा कीं ज्यांतून ज्ञानाचे अनेक विषय स्वाभाविकपणें फुटतील, आणि त्यासाठीं शिक्षकाची तयारी विशेष काळजीनें करावी. म्हणजे ते तीन तास वीस मिनिटें उद्योगाचे होते तसेच भाषेचे, गणिताचे आणि विज्ञानाचेही होते. ही अट पाळली गेली तर योजना जिवंत; न पाळली तर नुसती सूतगिरणी.

१९३८ च्या फेब्रुवारींत हरिपुरा काँग्रेसनें ह्या योजनेला मान्यता दिली आणि हिंदुस्थानी तालीमी संघ स्थापन झाला. त्याचें कार्यालय शेगांवास आलें. आर्यनायकम् हे मूळचे सिलोनचे. ते आणि त्यांच्या पत्नी आशादेवी हीं दोघें शांतिनिकेतनांतून आलेलीं. १९४४ सालीं तेथूनच देवीप्रसाद हे कलाशिक्षक सेवाग्रामास आले. ह्या मंडळींच्या हाताखालीं टकळी एकटी राहिली नाहीं. शेत, स्वयंपाकघर, सफाई, विहीर, चित्र, संगीत हीं सर्व शिक्षणाचीं साधनें झालीं. स्वयंपाकघराचा हिशेब लिहितां लिहितां आहारशास्त्र आलें, आणि मैल्याचें खत करतां करतां रसायनशास्त्र व आरोग्य आलें. १९४५ च्या जानेवारींत सेवाग्रामास भरलेल्या परिषदेनें ह्या शिक्षणाची व्याप्ति वाढविली. पूर्व बुनियादी, बुनियादी, उत्तर बुनियादी आणि प्रौढशिक्षण असा जन्मापासून मरणापर्यंतचा क्रम आंखण्यांत आला. उत्तर बुनियादीच्या पुढची, म्हणजे विद्यापीठाच्या दर्जाची जी पायरी, तिला उत्तम बुनियादी असें नांव मिळालें.

सेवाग्रामांत असें चाललें असतांना बाहेर काय झालें? योजना सरकारी झाली आणि हजारों शाळांतून टकळ्या वांटल्या गेल्या. पण टकळ्यांबरोबर आर्यनायकम् किंवा आशादेवी वांटतां येत नव्हत्या. जो शिक्षक स्वतः पाठांतरानें शिकला, त्याच्या हातीं टकळी आली तेव्हां त्यानें तीही पाठांतरासारखीच वापरली. तपासणीस येणारा अधिकारी सुताच्या लडी मोजूं शकत होता. मुलाच्या मनांत उठलेले प्रश्न त्याला मोजतां येत नव्हते. जें मोजलें जातें तेंच वाढतें, हा कचेरीचा नियम आहे. तेव्हां लडी वाढल्या आणि प्रश्न आटले. सुशिक्षित वर्गानें आपलीं मुलें जुन्याच शाळांत घातलीं, आणि खेडूत बापालाही असें वाटूं लागलें कीं, साहेबांच्या मुलांना पुस्तक आणि आपल्या मुलांना टकळी, हा भेदभाव आहे. १९५९ सालीं तालीमी संघ सर्व सेवा संघांत विलीन झाला. १९६४ ते १९६६ च्या कोठारी आयोगानें कार्यानुभव ह्या नांवानें त्या कल्पनेचा कांहीं अंश ठेवला; पण तो वेळापत्रकांतला एक तास झाला, आणि साऱ्या विषयांना ओंवणारा धागा गेला. झाकीर हुसेन यांनीं दिलेला इशारा अशा रीतीनें निराळ्या वाटेनें खरा ठरला. मुलांच्या श्रमावर शाळा चालल्या नाहींत हें खरें. पण साधन हेंच साध्य होऊन बसलें.

विद्यापीठांकडे वळल्यावर हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर दिसते. डॉ. राधाकृष्णन् यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या विद्यापीठ शिक्षण आयोगानें १९४९ सालीं आपला वृत्तांत दिला. त्यांत ग्रामीण विद्यापीठांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्याची पायाभूमि बुनियादी शिक्षणाची आहे. आयोगाचे एक सभासद आर्थर मॉर्गन हे अमेरिकेंतील टेनेसी नदीच्या खोऱ्याच्या योजनेचे पहिले अध्यक्ष. त्यांनीं त्यापूर्वीं ओहायोमधील अँटिऑक कॉलेजांत, विद्यार्थ्यानें कांहीं काळ वर्गांत शिकावें आणि कांहीं काळ कारखान्यांत किंवा कचेरींत काम करावें, अशी आळीपाळीची पद्धत १९२१ पासून चालविली होती. म्हणजे वर्ध्याचा विचार आणि ओहायोचा अनुभव ह्या वृत्तांतांत एकत्र आले. त्यांतून पुढें १९५६ सालीं देशांत ग्रामीण उच्च शिक्षणाच्या संस्था निघाल्या. महाराष्ट्राच्या आजच्या सीमेंत अमरावतीचें शिवाजी लोकविद्यापीठ आणि कोल्हापूर जिल्ह्यांतील गारगोटीचें मौनी विद्यापीठ ह्या त्यांपैकीं होत. परंतु तेथेंही एक अडचण उभी राहिली. ह्या संस्था पदविका देत, आणि नोकरीच्या बाजारांत मान होता पदवीचा. विद्यार्थ्याच्या हाताला काय येतें हें पाहण्यापेक्षां त्याच्या कागदावर काय लिहिलें आहे हें पाहणें सोपें. पुन्हां तोच नियम: जें मोजतां येतें त्याची किंमत.

तथापि वर्धा जिल्ह्यांत ही कल्पना उच्च शिक्षणांतून सर्वस्वीं गेली नाहीं. १९६९ सालीं, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षीं, डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकारानें सेवाग्रामास महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचें वैद्यकीय महाविद्यालय निघालें. कस्तुरबांच्या निधनानंतर गांधींच्या हयातींत तेथें जें लहानसें कस्तुरबा रुग्णालय सुरू झालें होतें, त्याच्या आश्रयानें हें महाविद्यालय वाढलें. येथें प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांचे पहिले दिवस आश्रमांतल्या शिबिरांत जातात. पुढें प्रत्येक तुकडी एक खेडें दत्तक घेते. विद्यार्थी त्या खेड्यांत शिबिर करून राहतात, वांटून दिलेल्या कुटुंबांची पाहणी करतात आणि त्यानंतरही त्या घरांकडे वारंवार जातात. शवविच्छेदनाच्या टेबलापाशीं माणसाचें शरीर कळतें. पण तें शरीर आजारी कां पडतें, हें कळावयास त्याच्या घरांतील माठ, चूल आणि अंगण पाहावें लागतें. पाण्यांतून होणाऱ्या रोगांचा पाठ विहिरीच्या कांठावर घेतला तर तो परीक्षेपुरता राहत नाहीं. येथें खेडें हीच टकळी झाली. आणि तिच्यांतून निघणारा धागा शरीरशास्त्र, समाजशास्त्र आणि अर्थशास्त्र यांना ओंवून गेला.

योगायोग असा कीं, ज्या १९६९ सालीं सेवाग्रामास हें महाविद्यालय निघालें त्याच सालीं ब्रिटनमधील मुक्त विद्यापीठाला सनद मिळाली. १९७१ च्या जानेवारींत तेथें शिक्षण सुरू झालें. नभोवाणी व दूरचित्रवाणी ह्यांच्या द्वारें घरबसल्या पदवी, म्हणून त्या विद्यापीठाचा जगभर गाजावाजा झाला. एकीकडे विद्यार्थ्याला घरांतून उठवून खेड्यांत नेणारें शिक्षण, आणि दुसरीकडे विद्यापीठच उचलून विद्यार्थ्याच्या घरांत नेणारें शिक्षण. ह्या दोहोंत दिसावयास जमीन-अस्मानाचें अंतर आहे. परंतु त्या मुक्त विद्यापीठाच्या यशाचें रहस्य नुसत्या प्रक्षेपणांत नव्हतें. विद्यार्थ्याकडे टपालानें विचारपूर्वक लिहिलेले पाठ येत. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला घरीं प्रयोग करण्याची पेटी येई. त्यानें लिहून पाठविलेलें उत्तर एखादा शिक्षक वाचून, शेरे मारून परत करी. आणि उन्हाळ्यांत विद्यार्थी कांहीं दिवस एकत्र येऊन प्रत्यक्ष शिकत. पेटी हाताला काम देई आणि शेरे मनाला जाग देत. म्हणजे मूळ गोष्ट दोन्हीकडे एकच होती. जेथें विद्यार्थ्याला कांहीं करावें लागतें आणि त्यानें केलेलें कोणी तरी पाहतें, तेथें शिक्षण घडतें. मग मध्यें टकळी असो, खेडें असो किंवा ध्वनिलहरी असोत.

भारतांत ह्या मार्गाचीं पावलें एकामागून एक पडलीं. दिल्ली विद्यापीठानें १९६२ सालीं टपालद्वारां शिक्षण सुरू केलें. १५ ऑगस्ट १९८४ पासून विद्यापीठ अनुदान मंडळानें दूरदर्शनवर महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठीं देशव्यापी वर्ग चालू केला, आणि त्याचे कार्यक्रम तयार करण्याचीं केंद्रें पुण्यासारख्या ठिकाणीं निघालीं. १९८९ सालीं नाशिक येथें यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झालें. त्यानें मराठींतून स्वयंअध्ययनाचीं पुस्तकें आणि गांवोगांवची अभ्यासकेंद्रें ह्यांवर भर दिला. २० सप्टेंबर २००४ रोजीं केवळ शिक्षणासाठीं म्हणून एज्युसॅट हा उपग्रह आकाशांत सोडण्यांत आला. ९ जुलै २०१७ रोजीं ‘स्वयम्’ ह्या नांवाची सरकारी व्यवस्था सुरू झाली आणि महाजालावरून विद्यापीठाचे पाठ कोणालाही मोफत घेतां येऊं लागले. वर्ध्यासही १९९७ सालीं महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विद्यापीठ निघालें. १९७५ सालीं नागपुरास भरलेल्या पहिल्या विश्व हिंदी संमेलनांत त्याची मागणी झाली होती. ह्या विद्यापीठानें ‘हिंदी समय’ ह्या नांवानें हिंदी साहित्याचा मोठा संग्रह महाजालावर खुला केला. ज्या गांवीं मातृभाषेंतून शिक्षणाचा ठराव झाला, त्या गांवाहून एका देशी भाषेचें ग्रंथालय पृथ्वीच्या कोणत्याही टोकास वाचतां यावें, ही नव्या साधनांची देणगी लहान नव्हे. नव्या साधनांचा तिरस्कार करणारा मनुष्य हें विसरतो कीं, दूरच्या खेड्यांतील हुशार मुलाला चांगलें पुस्तक मिळणें हीच एके काळीं केवढी दुर्मिळ गोष्ट होती.

मग १९२० च्या दशकापासून नभोवाणीनें आणि १९८४ पासून दूरदर्शनच्या वर्गानें जें साधलें नाहीं तें १९२० नंतर बरोबर शंभर वर्षांनीं आलेल्या साथीच्या काळांत साधलें काय? २०२० च्या मार्चमध्यें सर्व विद्यापीठांचीं दारें एकाएकीं बंद झालीं आणि सारे वर्ग पडद्यावर गेले. त्या काळांत साधनानें मोठी लाज राखली, ह्यांत शंका नाहीं. परंतु पडद्यावर नांव दिसतें आणि पडद्यामागें विद्यार्थी नाहीं, हा अनुभवही त्याच काळांत सर्वत्र आला. व्याख्यान ऐकवितां आलें. पण ऐकणाऱ्याच्या कपाळावरची आंठी शिक्षकाला दिसेना. प्रयोग दाखवितां आला. पण परीक्षानळी विद्यार्थ्याच्या हातीं देतां आली नाहीं. ज्या घरांत एकच भ्रमणध्वनी आणि शिकणारीं भावंडें तीन, तेथें तर कोणाचा तास बुडवावयाचा, हा निर्णय आईला करावा लागला.

येथें वर्ध्याचा जुना धडा उपयोगी पडतो. सुताच्या लडी मोजून ज्याप्रमाणें टकळीच्या शिक्षणाचें मोजमाप झालें, त्याप्रमाणें आज किती विद्यार्थ्यांनीं नांवें नोंदविलीं, किती तासांचीं व्याख्यानें पाहिलीं गेलीं आणि किती प्रमाणपत्रें वांटलीं, ह्यांवरून नव्या साधनांचें मोजमाप होत आहे. हे आंकडे खोटे असतात असें नाहीं. सुताच्या लडीही खोट्या नव्हत्या. पण लडीवरून सूत कळत होतें, मूल कळत नव्हतें. आणि नोंदणीवरून गर्दी कळते, विद्यार्थी कळत नाहीं. हिशेब ठेवावा, पण तो कशाचा ठेवावा, हें आधीं ठरलें पाहिजे. विद्यार्थ्यानें स्वतः होऊन किती प्रश्न विचारले, त्यानें केलेल्या कामावर कोणी किती शेरे मारले, आणि आपलें उत्तर चुकलें हें त्याला स्वतःच्या हातानें किती वेळां पडताळतां आलें, हा हिशेब अवघड आहे. परंतु शिक्षणाचा हिशेब तोच होय.

दुसरा धडा शिक्षकाविषयीं आहे. साधन विकत घेण्यास जेवढा खर्च होतो त्याच्या मानानें तें वापरणाऱ्या शिक्षकाच्या तयारीवर किती होतो, हें विचारावयास हवें. १९३७ च्या समितीनें शिक्षकाची तयारी ही योजनेची पूर्व अट मानली होती. देशानें टकळ्या घेतल्या आणि अट सोडली. विद्यापीठांनीं आज तीच चूक अधिक महाग साधनांनिशीं करूं नये. ज्या प्राध्यापकाला विहिरीच्या कांठावर पाठ घेतां येतो, त्याच्या हातीं पडदा आला तर तो पडद्यावरही विहीर उभी करील, आणि शेवटीं विद्यार्थ्याला पडदा बंद करून विहिरीकडे जाण्यास सांगेल. ज्याला तें येत नाहीं त्याच्या हातीं उत्तम यंत्र दिलें, तरी तो जुनीं टिपणेंच मोठ्या अक्षरांत दाखवील.

सेवाग्रामांत नई तालीमची मूळ शाळा बंद पडल्यावर कित्येक वर्षें ती जागा शांत होती. २००५ सालीं त्याच आवारांत आनंद निकेतन ह्या नांवानें मराठी माध्यमाची शाळा पुन्हां सुरू झाली. तेथें मुलें शेतांत काम करतात, स्वयंपाक करतात, सूत कांततात आणि त्यांतून गणित व विज्ञान शिकतात. तेथून थोड्या अंतरावर वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि वर्ध्याच्या दुसऱ्या बाजूस टेंकडीवर हिंदी विद्यापीठ. टकळी, खेडें आणि महाजाल हीं तिन्ही साधनें अशीं एका शहराच्या परिसरांत नांदत आहेत. त्यांत भांडण असण्याचें कारण नाहीं. टकळीची सळई सरळ असली म्हणजे ती डौलानें फिरते; परंतु तिला पहिली गति द्यावी लागते ती चिमटीनेंच, आणि धागा बारीक निघतो कीं तुटतो हें पेळू धरणाऱ्या दुसऱ्या हातावर अवलंबून असतें. विद्यापीठांतील साधनांचेंही तसेंच आहे. एक हात शिक्षकाचा आणि दुसरा विद्यार्थ्याचा. दोन्हीं हात कामांत असतील तरच धागा निघेल.